बाई, खलबत्त्यात कुटू का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच, गांजा-भांगेच्या, झाडाबद्दल आहेत. एक कॅनडातल्या आजारी बहिणीसाठी लिहिलेलं, एक राजारामपुरीतल्या घाबरलेल्या आईचं, आणि एक तालमीत जाणाऱ्या मुलाचं. म्हणून सदराची सगळी जागा मी त्यांना दिली आहे. पित्ताच्या गोळ्यांबद्दल विचारणाऱ्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी थोरली बहीण कॅनडात ब्रॅम्प्टनला लेकाकडे असते. वय ७१. तिची कॅन्सरची केमो सुरू आहे. उलट्यांनी बेजार झाली, घास उतरेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला गांजा लिहून दिला. रीतसर डबीत बंद होऊन कुरियरनं घरी आला. एक छोटं यंत्र आहे, त्यात घालून वाफ ओढायची. पण त्याआधी ती फुलं मोडून बारीक करावी लागतात आणि ताईची बोटं संधिवातानं वाकलेली. सून म्हणते, ग्राइंडर मागवू. ताई म्हणते, कशाला खर्च, घरात खलबत्ता आहे की. रोज व्हिडिओ कॉलवर मला विचारते. खलबत्त्यात कुटू का, मिक्सरला लावू, की तंबाखू मळतात तसं तळव्यावर मळू? बाई, हे विचारायचीसुद्धा लाज वाटते. (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : लाज बाजूला ठेवा. एकतीस वर्षं मी फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवल्या. अभ्यासक्रमात हे झाड होतंच, आणि दर वर्षी त्या तासाला वर्ग खुसखुसायचा. मी मुलांना हसू द्यायचे आणि मग शिकवायला लागायचे. औषधाबद्दल विचारायला लाजलेला माणूस अंदाजानं घेतो, आणि अंदाजानं घेतलेलं औषध कुठं नेतं हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आधी कायद्याचं, म्हणजे मनातली भीती जाईल. कॅनडात आजारी माणसाला डॉक्टरच्या परवानगीनं गांजा मिळायची सोय २००१ पासून आहे, आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो सगळ्याच सज्ञान लोकांसाठी कायदेशीर झाला. ताई काही चोरून करत नाहीत. आपल्याकडे मात्र १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आहे आणि त्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. तोच प्रकार आपल्या घरात सापडला तर गुन्हा. त्यामुळं इथून पुढं मी जे लिहिते ते ब्रॅम्प्टनच्या ओट्यासाठी आहे, शिवाजी पेठेतल्या नाही. आणि दिवाळीला ताई इकडं यायच्या असतील तर ती डबी तिकडंच राहू दे. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी कॅनडाची सीमा ओलांडून गांजा बाहेर नेणं तिथल्याच कायद्यानं गुन्हा आहे. इथं उतरल्यावरचा गुन्हा वेगळा.

आता कुटण्याचं. त्या फुलात औषध कुठं असतं ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. साध्या भिंगाखाली ते फूल धरलं तर त्यावर दंव पडल्यासारखं दिसतं. ते दंव म्हणजे राळेच्या ग्रंथी. बारीक देठ आणि त्याच्या टोकाला काचेच्या मण्यासारखं गोल डोकं. औषधाचा मोठा वाटा त्या डोक्यात असतो, पानाच्या हिरव्या भागात फार थोडा. ती डोकी चिकट असतात आणि जरा दाबलं की फुटतात.

खलबत्त्यात काय होईल बघा. आपण त्यात सुंठ कुटतो, मिरी कुटतो, कारण ती कडक असतात, फुटतात. हे फूल फुटत नाही, चेपतं. चार ठोक्यांत त्याची चपटी वडी होते आणि राळ बत्त्याच्या बुडाला काळ्या पापुद्र्यासारखी बसते. औषध बत्त्याला आणि चोथा ताईंना. मिक्सरचं भांडं तर त्याहून वाईट. पातं गरम होतं, अर्ध्या मिनिटात सगळ्याची धूळ होते, ती धूळ झाकणाच्या रबरात जाऊन बसते आणि यंत्राच्या जाळीतही अडकते. इतकी बारीक पूड त्यांना नकोच आहे. हातावर पोहे चुरल्यावर जो चुरा होतो, तितपत जाड असू दे. त्यातून गरम हवा नीट खेळते.

तळव्यावर मळायचं म्हणाल तर तळव्याची ऊब राळ ओढून घेते. मळून झाल्यावर हात काळपट आणि चिकट होतात, ती राळच असते. शिवाय हाताला हजार जंतू. केमोच्या पेशंटच्या औषधाला उघडा तळवा लावायचा नाही, याचं कारण पुढं सांगते.

मग उरली कात्री. सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत चांगली. स्टीलचा अरुंद पेला घ्यायचा, फुलपात्र नको, त्याचं तोंड पसरट असतं. फुलाची मधली जाड काडी आधी काढून टाकायची, बी सापडलं तर तेही. उरलेले तुकडे पेल्यात टाकून कात्रीची टोकं आत घालायची आणि कोथिंबीर कातरतो तसं कातरत राहायचं. मिनिटभराचं काम. ताईंच्या बोटांना साधी कात्री जमणार नाही, कारण तिच्या कड्यांत अंगठा अडकवून ती उघडावी लागते. शिंप्याकडं दोरा कापायची छोटी कात्री असते, तळहातात धरून नुसती दाबायची, स्प्रिंगनं आपोआप उघडते. माझ्या आईचे हात असेच वाकले होते. गवारीच्या शिरा काढणं बंद झालं तेव्हा मी तिला महाद्वार रोडवरून ती कात्री आणून दिली. शेवटपर्यंत ती गवार त्याच कात्रीनं कातरायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. तशी कात्री तिकडं शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळेल. आणि खरं सांगू का, सुनेला ग्राइंडर आणायचा असेल तर आणू द्या. दातेरी दोन चकत्या असतात, फिरवायचं आणि झालं. मात्र तो पिळायला मनगटात जोर लागतो, म्हणून फिरवणार कोण ते आधी ठरवा.

एका वेळेपुरतंच कातरा. कातरलेलं लवकर सुकतं, वास उडतो, गुण उतरतो. तिकडं हिवाळ्यात घर तापवलेलं असतं, हवा कोरडीठाक असते, त्यामुळं डबी उघडी राहिली तर दोन दिवसांत फुलाचा भुगा होतो. फ्रीझरमध्येही ठेवू नका. गारठ्यानं त्या ग्रंथींची देठं ठिसूळ होतात आणि डोकी गळून डबीच्या तळाशी पडतात.

धुण्याचं एक सांगायचं राहिलं. पाण्यानं आणि काथ्यानं घासून ती राळ निघत नाही. फणस चिरताना आपण काय करतो? सुरीला आणि हाताला तेल लावतो. तेच करायचं. पात्यावर खोबरेल चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, कागदानं पुसायचं, मग साबण. राळ तेलात सुटते, पाण्यात नाही. भांगही दुधातच का घोटतात याचं एक कारण हेच. दुधातल्या स्निग्धात ती उतरते.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहितेय ते. तो पेला आणि ती कात्री पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा, डबीबरोबर कपाटात ठेवा, कुलूप लावा. ताईंच्या घरात लहान मूल आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण असेल तर हे आजच करा. पंचवीसेक वर्षांपूर्वी, रंगपंचमीच्या दुपारी, आमच्या गल्लीत कुणीतरी भांग घातलेलं दूध कट्ट्यावर कागदी पेल्यात ठेवून गेलं. शेजारची सहा वर्षांची पोरगी खेळून दमली होती, तिनं ते थंडगार दूध प्यायलं. तासाभरानं ती पायरीवर बसल्या बसल्या कलंडली. डोळे उघडे, बुबुळं स्थिर, आणि हाक मारली तर फक्त पापणी हलायची. रात्रभर तिला सलाईन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नीट बोलली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. तिच्या कपाळाचा गुलाबी रंग तोवर कुणी पुसला नव्हता. घरात उघड्यावर ठेवलेला पेला दिसला की मला अजून ती पायरी आठवते.

तुमच्या ताईंसाठी याहून महत्त्वाचं एक आहे, आणि ते कुटण्याच्या आधीचं आहे. वाळलेल्या कुठल्याही वनस्पतीवर बुरशी धरू शकते. तुम्हा-आम्हाला ती सहसा काही करत नाही, पण केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ॲस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. गांजाच्या फुलावर ती सापडलेली आहे. फुलावर राखाडी-पांढरं जाळं दिसलं, कुबट वास आला, तर डबी परत करायची. पण डोळ्यांना न दिसणारीही असते. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा : माझ्या पेशी एवढ्या असताना फूलच ओढायचं का, की त्याचं तेल चालेल? तिकडं तेलाच्या बाटल्या आणि कॅप्सूल मिळतात, लेबलवर प्रमाण लिहिलेलं असतं. नॅबिलोन नावाची कृत्रिम कॅप्सूलही तिथं केमोच्या उलट्यांसाठी मंजूर आहे. डॉक्टर हो म्हणाले तर कातरायचा, मळायचा, कुटायचा प्रश्नच मिटला. फूल लिहून देणारे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकच आहेत का, हे तुमच्या पत्रात नाही. वेगळे असतील तर दोघांना एकमेकांचं माहीत हवं. ताई रक्त पातळ करायची वॉरफॅरिन घेत असतील, झोपेची गोळी घेत असतील, तर तेही सांगायला हवं, कारण याच्याबरोबर दोन्हींचा परिणाम वाढू शकतो.

आणि कातरलेला चुरा लाडवात, शिऱ्यात, चहात घालून बघू नका. कच्च्या फुलातला अंश उष्णतेनं बदलतो तेव्हा नशेचा होतो, म्हणून न तापवता खाल्लं तर थोडंच जाणवतं आणि तुपात परतून खाल्लं तर अंदाजापलीकडं जातं. ओढलेलं काही मिनिटांत कळतं. खाल्लेलं कळायला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि माणूस म्हणतो काहीच झालं नाही, अजून थोडं घेऊ. पुढं सहा-आठ तास ते उतरत नाही. सत्तरीच्या बाईचं अशा वेळी रक्तदाब उतरून बाथरूममध्ये पडणं, खुबा मोडणं, हे केमोपेक्षा कमी नाही. पहिले काही दिवस ओढून झाल्यावर त्यांना एकटं उठू देऊ नका.

ताईंना माझा नमस्कार कळवा. उलटी थांबून घास उतरायला लागला की मला एक ओळ लिहा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या टेबलाच्या खणात नखं कापायची छोटी कात्री मिळाली, पात्यांना हिरवट-काळा चिकट थर. एक जुनं बँकेचं कार्ड, त्याच्या कडेला तसलीच धूळ. वास उग्र, ओल्या गवताला रॉकेल लावल्यासारखा. हे काय असावं? त्याच्या वडिलांना सांगितलं तर मारतील. पोलिसांत गेलं तर त्याचं करिअर जाईल. (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की तुम्हालाही उत्तर कळलेलं आहे असं मला वाटतं. ज्याच्याकडं ग्राइंडर नसतो तो कात्रीनं कातरतो आणि कार्डाच्या कडेनं गोळा करतो. बहुधा गांजाच. वरचं पत्र वाचून तुम्हाला वाटेल, तिकडं म्हातारीला डॉक्टर देतात आणि इथं पोराला मी भीती घालते. पण एकोणीस म्हणजे मेंदूची घडण अजून चालू असते. या वयात रोज ओढणाऱ्यांत पुढं संशय, भास, मन ताळ्यावर नसणं यांचा धोका वाढतो, आणि घरात कुणाला असा आजार असेल तर जास्तच. लक्ष अन् स्मरण यांवर परिणाम होतो तो अभ्यासात आधी दिसतो.

कात्री समोर टाकून जाब विचारू नका. तो खोटं बोलेल आणि मग तुमच्यात ते खोटं राहील. जेवण झाल्यावर, वडील बाहेर असताना, एवढंच विचारा : "किती दिवस? रोज का? एकटा असताना की मित्रांत?" या तीन उत्तरांवर पुढचं ठरतं. मित्रांत महिन्यातून एकदा आणि सकाळी उठल्या उठल्या एकटा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोप, भूक, बोलणं बदललंय का, कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं म्हणतो का, तेही बघा. तसं असेल तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडं न्या. खाजगीत परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवा. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, पैसे पडत नाहीत.

पोलिसांची भीती खोटी नाही. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्यात थोडा धरतात, पण थोडा म्हणजे माफ असं नाही. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केल्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. हे त्याला शांतपणे सांगा, धमकी म्हणून नको. आणि हेही सांगा की याच कायद्यात ६४-अ कलम आहे : व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनासाठी किंवा थोड्या साठ्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ती सवलत जाऊ शकते. वकिलाकडं जायची वेळ आली तर हे कलम लक्षात ठेवा.

वडिलांना कधीतरी कळणारच. तेव्हा ते तुमच्या तोंडून कळू दे, शेजाऱ्यांच्या नको. मारणार असतील तर आधी त्यांचे थोरले भाऊ किंवा ज्यांचं ते ऐकतात असं माणूस घरात बसवा आणि मग सांगा.

प्रश्न : मी तालमीत जातो. वस्ताद म्हणतात थंडाई घरची प्या. आमच्याकडं घोटायची कुंडी नाही, दांडा नाही. मिक्सरला केली तर चालेल का? आणि एक दोस्त म्हणतो चिमूटभर भांग घातली की भूक खवळते आणि मेहनत जास्त होते. खरं का? (वय १७, गंगावेस)

उत्तर : बाळ, भांग नको. भूक खवळते हे खरं आहे, पण हृदयाचे ठोके वाढतात, तोल आणि अंदाज मंदावतो, आणि डावात अंदाजच चुकला तर मान मोडते. शिवाय भांग म्हणजे पानं, ती १९८५च्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानं भांगेवरही बंधन आहे, परवान्याशिवाय चालत नाही. आयुर्वेदात ती विजया या नावानं औषधात आहे, पण शुद्ध करून, वैद्याच्या हातून, आणि विषारी द्रव्यांच्या यादीत नाव असलेली. दोस्ताच्या चिमटीतून नव्हे. कोल्हापूरच्या तालमीची थंडाई बदामाची.

कुंडी नसली तरी अडत नाही. वीस-पंचवीस बदाम रात्री भिजत घाल, सकाळी सोल. चमचाभर खसखस, थोडी बडीशेप, पाच-सहा मिरी आणि वेलची तासभर वेगळी भिजव. पाटा-वरवंटा असेल तर सगळ्यांत चांगलं. मिक्सरच असेल तर आधी खसखस आणि मिरी दोन चमचे दुधाबरोबर वाट, मग बदाम घाल, आणि थांबून थांबून फिरव. सलग फिरवलंस तर भांडं तापतं, बदामाचं तेल सुटतं आणि दुधावर तवंग येतो. कुंडीत घोटताना तसं होत नाही, कारण तिथं घाई नसते. मेहनत झाल्यावर घाम सुकू दे, मग गार दुधात कालवून, फडक्यातून न गाळता पी. चोथ्यासकट.